जिंकल्यानंतरची तीन घरं

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली माणसं बहुतेक महाबळेश्वरला जातात, कासला जातात, फार तर कोल्हापूरच्या वाटेवर मिसळ खायला थांबतात. मी गेले ती तीन मुलींच्या घरी. तुम्ही वाट वाकडी करून जाल असं त्या तीन ठिकाणी काही नाही, आणि मी परत आले तेव्हा कुणाला दाखवावेत असे फोटोही माझ्याकडे नव्हते. तरी त्या चार दिवसांबद्दल लिहायला हवं असं वाटत राहिलं.

मागच्या वर्षी जूनमध्ये कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात मी मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक म्हणून लागले. अकरा महिन्यांचा करार. त्याआधी मी स्वतः खेळले होते आणि पुण्यात एका क्लबमध्ये सकाळी लहान मुलांना शिकवत होते, एवढाच अनुभव. कॉलेजचा संघ कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेलेला नव्हता. फेब्रुवारीत सांगलीत आम्ही स्पर्धा जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि वर मथळ्यात ‘पहिल्याच वर्षी’. प्राचार्य भाषणात तेच म्हणाले, स्टाफरूममध्ये तेच, माझ्या आईनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून तेच सांगितलं. पहिल्याच वर्षी!

मेमध्ये, मी सुट्टीला पुण्यात असताना, पुढच्या वर्षाचा संघ जुळवायची वेळ आली. पाच मुख्य खेळाडूंपैकी दोघी कऱ्हाडच्या, त्या येणार होत्या. उरल्या तिघी. मयूरी म्हणाली, ‘घरी विचारून सांगते.’ रुबीनाचा फोन दरवेळी तिचे वडील उचलायचे. आणि प्रज्ञाच्या फोनची रिंग वाजून वाजून बंद व्हायची. म्हणून मी घरोघर जायचं ठरवलं. निदान सगळ्यांना तसं सांगितलं. खरं तर मला प्रज्ञाच्याच घरी जायचं होतं. थेट तिथं जायचं धाडस नव्हतं, म्हणून वाटेत आणखी दोन घरं घेतली.

खंडाळा

हे लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, पुण्याहून येताना घाट चढण्याआधी लागतं ते. कंडक्टरनं मला थांबा सोडून बरंच पुढे उड्डाणपुलाशी उतरवलं आणि उलट्या दिशेनं चालत येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सेफ्टी पिन लावून, पाय ओढत, दुपारी बाराच्या उन्हात मी मयूरीच्या दारात पोचले.

घर वरती होतं, म्हणजे घरातले सगळे वर गच्चीवर होते. साड्या अंथरून त्यांवर कुरडया घातल्या जात होत्या. मयूरीची आई सोऱ्या दाबत होती, दोन शेजारणी चीक ढवळत होत्या. पुण्यात आमच्याकडे कुरडया पिशवीतून येतात, त्यामुळे गव्हाचा गरम चीक मी कितीतरी वर्षांनी खाल्ला. वाटीत दूध-साखर घालून दिला होता. मऊ, किंचित आंबूस. दोन वाट्या खाल्ल्यावर मी विचारलं, ‘एवढ्या कुरडया कशाला?’

‘आवं मॅडम, लग्न न्हाई का आमच्या मयूचं!’ तिची आई म्हणाली. ‘फोनवर सांगायचं न्हवतं. पत्रिका घिऊनच येणार होतो तुमच्याकडं.’

मयूरी माझी सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी. उंची पाच फूट अकरा इंच. दहावीपासून तिला बघायला लोक येत आणि दारातूनच मान वर करून परत जात, हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं होतं. आता तिचे वडील मला हात जोडून सांगत होते, ‘तुमच्यामुळंच जमलं बगा. पेपरातला फोटू बगून स्थळ चालत आलं. मुलगा सहा फूट दोन इंच हाय. शिरवळला कंपनीत. म्हनला, हीच पोरगी पायजे.’

त्या फोटोत मयूरी चषक डोक्यावर धरून उभी आहे. तो फोटो पेपरात यावा म्हणून मीच दोन वार्ताहरांना फोन केले होते.

ऊन उतरल्यावर मयूरी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. तिनं स्वतःची चप्पल मला दिली होती, ती माझ्या पायाला दोन बोटं मोठी. मी विचारलं, ‘तुझं मन आहे ना?’

ती म्हणाली, ‘मॅडम, मला खेळायचंच होतं असं नाही. या उंचीचं काही तरी चांगलं व्हावं, एवढंच वाटायचं. झालं.’

एसटी आली. तिनं हात केला तेव्हा तो बसच्या खिडकीच्या वर गेला.

मलकापूर

मलकापूर कऱ्हाडला इतकं चिकटून आहे की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते मला वर्षभर राहूनही नीट सांगता येणार नाही. माझी भाड्याची खोली तिथंच. रुबीनाच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, तरी फेब्रुवारीनंतर मी तिकडे फिरकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कापूस पिंजायचं मशीन चालू होतं आणि रुबीनाच्या वडिलांच्या भुवयांवर, मिशीवर कापूस बसलेला. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं. दुकानामागेच घर. रुबीनाच्या आईनं समोर चहा, खारी आणि गरम सांज्याच्या पोळ्या ठेवल्या. इकडची एक रीत मला वर्षभरात कळलीय. आलेल्या माणसाला का आलात, हे खाणं उरकल्याशिवाय कुणी विचारत नाही. आमच्या घरी पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच कामाचं बोलणं सुरू होतं.

पोळी संपल्यावर रुबीनाचे वडील म्हणाले, ‘मॅडम, पोरगी तुमाला घाबरून फोन घेत न्हवती. म्हणून मी घ्यायचो. आन मलाबी बोलायला जमंना.’

सांगलीच्या एका मोठ्या कॉलेजनं रुबीनाला बोलावलं होतं. हॉस्टेल, जेवण, व्यायामशाळा, लाकडी फरशीचं कोर्ट. आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट आणि दोनपैकी एका रिंगला जाळी नाही. मी म्हटलं, ‘जाऊ दे तिला. मी असते तर मीही गेले असते.’ ते खरंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला आणि त्यांनी आतून एक उशी आणून माझ्या मांडीवर ठेवली. नवी, निळ्या खोळीची. ‘ठेवा. दुसरं काय द्यावं तुमाला!’

रुबीना दाराच्या चौकटीत उभी होती. ती माझी पॉइंट गार्ड, म्हणजे कोर्टवर चेंडू आणणारी, सगळ्यांना जागा दाखवणारी. मैदानावर तिचा आवाज सगळ्यांत मोठा. त्या दिवशी ती कुजबुजल्यासारखी बोलली.

‘मॅडम, प्रज्ञाकडं जाणार हाय का?’

‘उद्या.’

‘तिच्या गुडघ्याची लिगामेंट फाटलीय. एप्रिलात कऱ्हाडला एमआरआय काढला.’ मग वडील दुकानात गेलेत याची खात्री करून म्हणाली, ‘मी कुणाला सांगितलं न्हाई, मॅडम.’

‘काय सांगितलं नाहीस?’

‘तुमी तिला काय म्हणाला ते. मी शेजारीच बसले होते न्हवं.’

आता मला ते सांगायलाच हवं. अंतिम सामन्यात दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरपैकी तिसरा संपता संपता प्रज्ञा उडी मारून खाली आली आणि तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला. तिला बाकावर आणलं, बर्फ लावला. ती म्हणाली, ‘मॅडम, गुडघा आत हलतोय.’ दुखतोय म्हणाली नाही, हलतोय म्हणाली. वीस वर्षं खेळलेल्या बाईला त्याचा अर्थ कळायला हवा. मला कळला. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि रिबाउंड घेणारी, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडणारी, मयूरी आणि प्रज्ञाखेरीज माझ्याकडे कुणी नव्हती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, ‘दहाच मिनिटं. मग वर्षभर आराम कर.’

ती दहा मिनिटं खेळली. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

नंतर मी तिला क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. दोनदा फोन केला. परीक्षेच्या काळात एकदा ती भिंतीला धरून कॉलेजचा जिना चढताना मला दिसली होती. मी दुसऱ्या जिन्यानं गेले.

कडेगाव

कऱ्हाडहून कडेगावला जाणारी एसटी सुर्लीच्या घाटानं चढते. घाट फार मोठा नाही, पण मे महिन्यात दोन्ही बाजूंनी नुसता दगड आणि वाळलेलं गवत. वर गेलं की मुलूख उघडा होतो. जिथं कालव्याचं पाणी पोचलंय तिथं ऊस, आणि त्याच्याच पलीकडे बोडके डोंगर. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, ‘कुणाकडं?’ मी नाव सांगितलं. ‘ती बॉल खेळणारी पोरगी व्हय? गावात बोर्ड लावला होता तिचा. आता लंगडतीया.’ पुढे तो ऊसतोडीबद्दल बोलत राहिला, माझं लक्ष नव्हतं.

कडेगावच्या अलीकडे फाट्यावर उतरून अर्धा किलोमीटर चालायचं. प्रज्ञाचे वडील लाइनमन, ते ड्यूटीवर होते. आई अंगणवाडी सेविका, सगळे त्यांना ताईच म्हणतात. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यासमोर ताजी मोगऱ्याची फुलं. प्रज्ञा पलंगावर पाय लांब करून बसली होती. मला बघून उठायला लागली.

‘बस गं,’ तिची आई ओरडली. ‘उठून काय करणाराय? एकदा उठलीस तेवढं बास झालं.’

भिंतीवर एका वहीचं पान चिकटवलेलं होतं. आठशे मीटरच्या वेळा, प्रज्ञाच्या अक्षरात. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. पानावर ऑक्टोबरपासूनच्या वेळा होत्या आणि प्रत्येक पंधरवड्याला त्या थोड्याथोड्या कमी होत गेलेल्या. फेब्रुवारीनंतर पान कोरं होतं. बास्केटबॉल तिच्यासाठी खेळाडूंच्या राखीव जागांतून भरतीची वाट होती. ती हे पहिल्या दिवशीच मला म्हणाली होती आणि मी म्हटलं होतं, पायाची काळजी माझी.

ताईंनी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कच्चा कांदा, लसणाची चटणी. ‘घ्या मॅडम, लाजू नका. तुमी एवढ्या लांबनं आला.’ मी एक एक घास गिळत होते आणि ताई बोलत होत्या.

‘हिला मी हजारदा सांगितलं होतं, दुखलं की थांबायचं. आईकलं न्हाई. कप पायजे होता हिला. मॅडमनी बस म्हटलं तरी मीच उतरले, असं हीच म्हनली. आता तुमीच सांगा, मास्तराचं ऐकाय नको?’

घास माझ्या हातात राहिला. मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती ताटात बघत होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी भाकरी संपवली.

हात धुताना ताई म्हणाल्या, ‘उद्या मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचंय. ह्यांना सुट्टी न्हाई. तुमी येता का? तुमाला त्यांचं इंग्रजी तरी कळंल.’

मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले. निळी उशी मी एसटीत टेकायला म्हणून बरोबर आणली होती, ती प्रज्ञाच्या गुडघ्याखाली दिली.

सांगली, मग मिरज

सकाळी लवकर निघालो. उजवा पाय दुमडता येत नसल्यानं प्रज्ञा एसटीत दोन जणांच्या सीटवर आडवी बसली आणि आम्ही दोघी दांड्याला धरून उभ्या राहिलो. ताईंनी डब्यात धपाटी घेतली होती, ती तासगावच्या पुढे उभ्यानंच खाल्ली. सांगलीत गाडी बदलायची होती. मिरजेच्या गाडीच्या थांब्याकडे रिक्षातून जाताना ते मैदान लागलं जिथं आम्ही जिंकलो होतो. कोर्टवर लग्नाचा मांडव पडला होता, रिंगच्या खांबाला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. ताई म्हणाल्या, ‘हितंच न्हवं का गं?’ प्रज्ञानं ‘व्हय’ म्हटलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

मिरजेत दवाखान्यांची गल्लीच आहे. कर्नाटकातून आलेली माणसं, कानडी, मराठी, पाय प्लास्टरात, हात झोळीत, भिंतीला टेकून ताटकळलेली. आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी एमआरआय लाईटवर धरला, गुडघा हातात घेऊन पुढे ओढून पाहिला. मला ते बघवलं नाही.

‘लिगामेंट पूर्ण गेलंय. शिवाय आतली गादीपण बरीच फाटलीय. नुसतं वळल्यानं इतकं होत नाही,’ ते म्हणाले. ‘लागल्यावर लगेच थांबलीस का? किती वेळ खेळलीस नंतर?’

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं नाही. ‘एखादं मिनिट. मग बसले.’

डॉक्टर लिहायला लागले. पंखा फिरत होता. ताई पदरानं मान पुसत होत्या.

‘दहा मिनिटं,’ मी म्हणाले. ‘पूर्ण चौथा क्वार्टर. तिनं मला सांगितलं होतं, गुडघा आत हलतोय म्हणून. मीच तिला परत मैदानात उतरवलं.’

डॉक्टरांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोडून परत लिहिलं. ऑपरेशन जुलैत. चालता येईल, जिना चढता येईल. पळायचं म्हणाल तर वर्ष तरी जाईल, आणि भरतीइतकं पळता येईल का हे आत्ता सांगता येत नाही. ‘लगेच थांबली असती तर गादी वाचली असती कदाचित,’ ते म्हणाले. दोष देण्यासाठी म्हणाले नाहीत. विचारलं म्हणून सांगितल्यासारखं म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई बाकावर बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तीन महिने मी हिलाच बोलतीया. सकाळ-संध्याकाळ. कप पायजे होता ना, घे आता कप, असं बोललीया. आन ही गप ऐकून घ्यायची.’

मी म्हटलं, ‘ताई, माझं चुकलं.’

‘चुकलं म्हनजे काय झालं मॅडम? पोरगी हाय माझी. तुमच्या भरवशावर धाडली होती.’ त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

स्टँडवर मी त्यांची पिशवी उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ताई गाडीत जागा धरायला पुढे गेल्या तेव्हा प्रज्ञा माझ्याजवळ थांबली. मला वाटलं ती रडेल. ती चिडलेली होती.

‘कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं होतं समदं. आई मला बोलायची, मी ऐकायचे, झालं. आता ती मला कॉलेजलाच धाडायची न्हाई.’

‘खरं सांगायला नको होतं?’

‘तवा सांगायचं होतं,’ ती म्हणाली. ‘आता तुमाला बरं वाटलं. मला काय?’

ती खांबाला धरून एसटीची पायरी चढली, आधी डावा पाय, मग उजवा ओढून. गाडी गेली. मी त्या स्टँडवर दोन पुण्याच्या गाड्या सोडल्या. घरी कुणाला तरी द्यायला म्हणून भडंगाचा पुडा घेतला आणि तो तिथंच बाकावर विसरले, हे मला साताऱ्यापाशी आठवलं.

मिरज, जुलै

जूनमध्ये प्राचार्यांनी मला पुढच्या वर्षाचा करार दिला. मी त्यांना दहा मिनिटांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘मॅडम, स्पर्धेत होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’ मला शिक्षा हवी होती असं नाही, पण ते इतकं सहज पुसलं जाईल असंही वाटलं नव्हतं. मी सही केली. नव्या मुली आल्या आहेत, सातजणी. त्यांतली कुणी पाय चोळत बसली की मी तिला खेळातून बाहेर काढते. दोघी त्याला कंटाळून सोडून गेल्या. यंदा आम्ही पहिल्या फेरीत हरू, हे मला दिसतंय.

प्रज्ञा कॉलेजला आली नाही. ऑपरेशनची तारीख मला रुबीनानं सांगितली. मला बोलावलेलं नव्हतं. तरी गेले.

ऑपरेशन खोलीबाहेर ताई एकट्याच बसल्या होत्या. मी त्याच बाकावर, टोकाला बसले. त्यांनी आपली पिशवी उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. दोन तास आम्ही तशाच बसलो. प्रज्ञाला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती, पाय मांडीपासून पट्ट्यांत गुंडाळलेला. नर्सनं सांगितलं, साडेचारपर्यंत पाणी द्यायचं नाही, थेंबभरसुद्धा नाही, उलटी झाली तर त्रास होईल.

ताई सकाळपासून उपाशी होत्या. तीनच्या सुमारास त्या उठल्या, पदर सारखा केला, थोडा वेळ उभ्या राहिल्या.

‘मी च्या पिऊन येते,’ त्या म्हणाल्या. ‘तवर तिच्यापाशी बसा.’

दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, ‘पाणी मागंल ती. देऊ नका.’

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. थोड्या वेळात प्रज्ञानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडलेले. मी कोण आहे हे तिला कळलं की नाही, सांगता येणार नाही. ‘एक घोट,’ ती म्हणाली. ‘फक्त एक.’ मग चिडून, मग केविलवाणी होऊन, मग माझा हात घट्ट धरून मागत राहिली. बाटली माझ्या पायाशी होती.

साडेचारपर्यंत ती पाणी मागत होती. मी दिलं नाही.